मील्स रेडी

हुबळीत दुर्गदबैलाच्या बाजारचौकापाठीमागच्या बोळात मथुराबाई महेंद्रकरांची खाणावळ होती, आणि त्या खाणावळीत एकाच ताटाला माणसागणिक वेगळं नाव होतं. रेल्वेतले लोक भर बाराच्या उन्हात येऊन 'डिनर आहे काय' म्हणून विचारायचे. कोर्टातले कारकून त्यालाच लंच म्हणायचे. कॉलेजची पोरं राईस प्लेट मागायची, लॉरीवाले खाना मागायचे, आणि भाकऱ्या थापणारी लक्कव्वा या सगळ्यांना एका ओळीत बसवून ऊटा म्हणायची. ताट मात्र तेच. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, भरली वांगी, शेंगाची चटणी, भात, आमटी आणि वाटीभर ताक. नाव काय वाट्टेल ते घ्या, ताटात काही टाकू नका म्हणजे झालं, असं मथुराबाईंचं म्हणणं. दारावरच्या पत्र्याच्या बोर्डावर तेवढं पेंटरनं इंग्रजीत आणि कानडीत रंगवून ठेवलं होतं, मील्स रेडी.

हा बोर्ड दिवसभर लटकत नसायचा. मथुराबाईंची ती शिस्त होती. सकाळी अकराच्या पुढं भाताचं पातेलं चुलीवरून उतरलं, की त्या हात धुवायच्या, पदराला पुसायच्या, दाराआडचा बोर्ड उचलायच्या आणि बाहेरच्या खिळ्याला अडकवायच्या. भात उतरल्याशिवाय बोर्ड नाही, आणि बोर्ड लागला की आलेल्या माणसाला 'थांबा' म्हणायचं नाही. गिऱ्हाइकं लांबून बोर्ड बघूनच बोळात वळायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. शेवटी शेवटी तर भात, हात, पदर, खिळा हे सगळं मथुराबाईंच्या मनाला न विचारताच व्हायला लागलं होतं.

खाणावळ काढायची हौस कुणाला असते? एकाहत्तर साली नवरा गेला. शिंपीकाम करायचा, मशीनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि माणूस संपला. मूलबाळ नव्हतं. मथुराबाईंचे थोरले भाऊ, यशवंत पतंगे, दाजीबानपेठेत वडिलांचं, अप्पांचं, कापडाचं दुकान चालवत. चालत गेलं तर दहा मिनिटांवर. दिवस होताच ते बहिणीकडं आले आणि म्हणाले, "मथे, ऊठ. माझ्याकडं चल. तुला दोन घास घालायला मी अजून मेलो नाही."

"घालशील की, अण्णा. पण मी काय उष्टी-खरकटी काढत तुझ्या दारात म्हातारी होऊ? मला स्वयंपाक येतोय. मी खाणावळ घालते."

तोंडात कुणी मारावी तसा यशवंतअण्णांचा चेहरा झाला. "अन्न विकणार? पतंग्यांची लेक वाटेवरच्या माणसाला भात विकणार?" ते उठलेच. दारातून वळून म्हणाले, "ऐकून ठेव. ज्या घरात अन्न विकतात, तिथं मी पाटावर बसणार नाही."

खरं बघायला गेलं तर माणूस वाईट नव्हता. शब्दाचा पक्का होता, एवढंच. आणि शब्दाचा पक्का माणूस घरात असला की घरातल्यांचे काय हाल होतात ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

मथुराबाईही त्याच बापाची लेक. त्यांनी बाहत्तर सालच्या पाडव्याला चूल पेटवली. खाणावळ चालली, नाव झालं, कुणाचं मिंधं राहावं लागलं नाही. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्यांना भावाची आठवण काढायला सवड नसायची. तीनशे पासष्टावा दिवस भाऊबीजेचा.

त्या दिवशी खाणावळ बंद. मथुराबाई न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून, माहेरच्या पद्धतीनं गव्हल्यांची खीर करायच्या. दिवाळीच्या आधी महिनाभर दुपारच्या वेळी बसून गव्हासारखे ते बारीक दाणे बोटांनी वळायचे, हे काम त्या लक्कव्वालासुद्धा करू द्यायच्या नाहीत. अण्णाला ती खीर फार आवडायची. लहानपणी पातेलं खरवडायला दोघांची मारामारी व्हायची आणि आई दोघांनाही धपाटे घालायची. खीर झाली की मथुराबाई पाट मांडायच्या, भोवती रांगोळी काढायच्या, निरांजन तयार करायच्या आणि दाराकडं तोंड करून बसायच्या. भावाला ओवाळून, तो जेवल्याशिवाय बहिणीनं जेवायचं नाही, ही रीत. मग बसायचं तसंच उपाशी. दिवस उतरायचा. मावळतीला नखाएवढी कोर दिसायची. ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं असं आपल्यात सांगितलंय. मथुराबाई परसात जाऊन चंद्राला ओवाळायच्या आणि आत येऊन दोन घास पोटात ढकलायच्या. दहा मिनिटांवर सख्खा भाऊ जिवंत असताना चंद्राला ओवाळायचं म्हणजे काय, हे ज्यानं सोसलंय त्यानंच सांगावं.

"अक्का, जाऊन हात धरून आणा की त्यांना," लक्कव्वा एकदा म्हणाली होती.

"हात धरून आणलेला भाऊ जेवतोय होय? गप भाकरी थाप."

खाणावळीत दत्तात्रय मास्तर म्हणून एक गृहस्थ नेमानं जेवायला यायचे. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, लग्न केलेलं नव्हतं, दाजीबानपेठेत खोली घेऊन राहायचे. मुलांसाठी ते एक वही तयार करत होते. एका पानावर एकच इंग्रजी नाम, त्याखाली त्याचे समानार्थी शब्द, आणि त्याखाली माणसं तो शब्द रोजच्या बोलण्यात खरोखर कसा वापरतात त्याचे नमुने. अठ्ठ्याहत्तर साली एकदा दुपारची गर्दी ओसरल्यावर मास्तर वही उघडून बसले.

"बाई, आज 'मील'चं पान काढलंय. कोशात याला डझनभर भाऊबंद आहेत. पण कोशातली माणसं जेवत नाहीत, जेवतात ती तुमच्याकडं. तेव्हा तुम्हीच सांगा, कोण काय म्हणतं?"

मथुराबाईंना मौज वाटली. त्यांनी रेल्वेवाल्यांपासून लॉरीवाल्यांपर्यंत सगळं सांगितलं. "आणि मास्तर, एकच माणूस, एकच ताट, तरी सगळे 'मील्स' का म्हणतात हो? एकटाच बसून चौघांचं जेवून जातोय काय?"

मास्तर हसले. "इकडची रीत आहे ती. बरं, 'सपर' म्हणतं काय कुणी?"

"मिशनाकडची एक नर्सबाई यायची, ती म्हणायची. संध्याकाळी."

"आणि 'रीपास्ट'?"

"ते कसलं? औषध?"

मास्तरांनी तेसुद्धा लिहून घेतलं. मथुराबाई ताटं उचलता उचलता थांबल्या. "मास्तर, एक विचारू? भाऊ बहिणीकडं भाऊबीजेला जेवतो, त्या जेवणाला काय म्हणतात हो इंग्रजीत?"

मास्तरांनी पिशवीतला जाड कोश काढला. पानं उलटली. "फीस्ट म्हणता येईल. पण फीस्ट म्हणजे मेजवानी, शंभर पान उठतंय ती."

"शंभर नव्हे हो. एकच पान."

"मग ट्रीट?"

"म्हणजे?"

"कुणी कुणाला खूश करायला घालतं ते."

"खूश कुणाला करायचंय? तो जेवला म्हणजे आपण माहेरची आहोत एवढं कळतंय, बास. आणि नाही जेवला तर वर्षभर घशाखाली घास नीट उतरत नाही. असल्याला काय म्हणतात?" एवढं बोलून मथुराबाईंनी तोंड फिरवलं.

मास्तरांनी पेनाला टोपण घातलं. त्या पानावर खाली एक ओळ त्यांनी कोरी सोडली. मग त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली आणि म्हणाले, "यशवंतराव माझ्या खोलीसमोरच राहतात. संध्याकाळी ओट्यावर आम्ही बोलत बसतो. मी बघतो."

मास्तरांना वर्ष लागलं. पण एकोणऐंशी सालच्या दसऱ्याला ते खाणावळीत आले ते हसतच. "येतो म्हणालेत! पण एक अट आहे. त्या दिवशी ते घर पाहिजे, खाणावळ नको. दारावर बोर्ड नको, परका माणूस पानावर नको. आणि ताकात आलं घालू नकोस म्हणावं."

शेवटचं वाक्य ऐकून मथुराबाईंना रडूच कोसळलं. लहानपणापासून अण्णा आलं लागलं की थुंकायचा. ताकात आलं नको म्हणजे येणार, नक्की येणार!

त्या भाऊबीजेला मथुराबाई पहाटेच उठल्या. गेल्या सात वर्षांची खीर त्या एका पातेल्यात करायची होती. पाट धुतला, रांगोळी काढली, निरांजनात फुलवात घातली. लक्कव्वाला सांगितलं, "आज कुणी आलं तर बोळातूनच परत पाठव." लक्कव्वा मागं विहिरीवर घागर भरायला गेली. अकरा वाजून गेले. भाताचं पातेलं खाली उतरलं. मथुराबाई मनात अण्णाशी बोलत होत्या, काय काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची. बोलता बोलता त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि परत येऊन खिरीत वेलदोडा घातला.

थोड्या वेळानं दारातून आवाज आला, "ऊटा आदेन्री?"

मथुराबाई बाहेर आल्या. दोन परगावचे व्यापारी चपला काढून आत पाऊल टाकत होते.

"आज नाही हो. आज बंद आहे."

"बंद कसं? बोर्ड लागलाय की!"

मथुराबाईंनी मान वर केली. खिळ्याला बोर्ड लटकत होता. मील्स रेडी. आणि बोळाच्या तोंडाशी, पांढरं धोतर, काळी टोपी, काखेत छत्री, असा एक माणूस पाठमोरा झपाझप चालला होता. ती चाल त्यांना हजारांत ओळखू आली असती.

"अण्णा! अरे अण्णा, थांब!"

त्या अनवाणी बोळाच्या तोंडापर्यंत धावल्या. दुर्गदबैलात दिवाळीची ही गर्दी, हातगाड्या, रिक्षा. काळ्या टोप्या तर शंभर. अण्णा वळले नाहीत.

बोर्ड कुणी लावला? कुणी म्हणजे काय, त्यांच्याच हातानं. भात, हात, पदर, खिळा. सात वर्षं अंगवळणी पडलेलं, त्या दिवशी तरी कसं चुकणार? घरी येऊन त्यांनी तो हात भिंतीवर आपटून घेतला. लक्कव्वानं धरला म्हणून बरं, नाहीतर मोडला असता.

मास्तर समजूत घालायला दाजीबानपेठेत गेले ते खालमानेनं परत आले. "बाई, मी सगळं सांगितलं. हाताची सवय, नजरचूक. ते म्हणाले, हात कुणाचा? मला गिऱ्हाइकांच्या पंगतीला बसवायला बोलावलं होतं तिनं. आता ह्या जन्मात तिच्या पाटावर बसणार नाही. अप्पांची शपथ घेतलीय त्यांनी."

 संध्याकाळी मथुराबाईंनी चंद्राला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी बोर्ड माळ्यावर टाकला, तोंड भिंतीकडं करून. परत कधी काढला नाही. गिऱ्हाइकं दारात डोकावून विचारायला लागली, आणि खाणावळ काही त्यानं थांबली नाही. पण भात उतरला की हात खिळ्यापर्यंत जायचा आणि रिकामा परत यायचा.

ब्याऐंशीत अण्णांची बायको सरस्वती वारली. मथुराबाई गेल्या, बायकांत बसल्या. अण्णा बाहेरच्या खोलीत मान खाली घालून बसलेले. केस सगळे पांढरे झालेले. सुतकाच्या घरी कुणी कुणाला जेव म्हणत नाही, त्यामुळं तो प्रश्नच आला नाही. मथुराबाई तासभर बसून उठल्या. पुढं अण्णांचा एकुलता एक मुलगा नोकरीला पुण्याला गेला. अण्णा दुकान सोडून जायला तयार नव्हते. माडीवर एकटेच राहिले.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात मास्तर एक चार पुडांचा डबा घेऊन आले. पितळी, जुना. त्याभोवती गुंडाळायला एक चौकोनी फडकं.

"बाई, मी हितं जेवतोच. पण दुपारी जाताना हा एक डबा भरून द्यायचा. आमच्या पेठेत एक मित्र आहेत, घरी करणारं कुणी नाही. त्यांना टिफिन पाहिजे."

"देते की. काही पथ्य?"

मास्तर जरा अडखळले. "पथ्य नाही. ताकात आलं तेवढं नको."

मथुराबाईंच्या हातातली पळी थांबली. पण जगात आलं न चालणारी माणसं काय थोडी असतात? त्यांनी डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन पुसून परत आला. वर फडक्याची घडी होती. मथुराबाई ती उचलून झटकणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं.

घडी साधी नव्हती. कापडाची कापलेली कड, शेव, आत दुमडलेली, काठ चारी बाजूंनी बाहेर, आणि शेवटचं टोक खालून खोचलेलं. अप्पांची घडी! दुकानात दोघा भावंडांना समोर बसवून अप्पांनी शिकवलेली. काठ बाहेर, शेव आत, टोक खाली. गिऱ्हाइकाला आधी काठ दिसला पाहिजे म्हणायचे. पेठेतल्या दुसऱ्या कुठल्या दुकानात अशी घडी घालत नव्हते. ती जगात आता दोनच माणसांना येत होती, आणि त्यातलं एक इथं चुलीपाशी उभं होतं.

मथुराबाईंनी फडकं डोळ्यांना लावलं.

"काय झालं, अक्का?" लक्कव्वानं विचारलं.

"काही नाही गं. धूर गेला डोळ्यात."

कळलं त्यांना सगळं. अण्णा शब्दाचा पक्का. पाटावर बसणार नाही म्हणाला, बसत नाही. बहिणीकडं जेवणार नाही म्हणाला, जेवत नाही. पण टिफिन? टिफिनला त्यानं कधी नाही म्हटलं होतं? टिफिन काय, कुठूनही येतो, कुणीही खातो. मथुराबाईंना हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. ते म्हातारं कुठून शिकलं असेल हा शब्द? मास्तरांच्या वहीतलाच की!

पण ओळखलं म्हणून सांगायची सोय नव्हती. एका शब्दानं जरी अण्णाला कळलं की मथीनं ओळखलंय, तर दुसऱ्या दिवशी डबा बंद. उपाशी राहील पण मागं सरणार नाही. मथुराबाईंनी मास्तरांना काही म्हटलं नाही, लक्कव्वालाही नाही. एवढं मोठं सुख, आणि ते कुणाला सांगायचं नाही! पोरासोरांसारखं गालात लपवून ठेवायचं.

तीन वर्षं डबा गेला आणि आला. माणसं पत्रं वाचतात तसा त्या परत आलेला डबा वाचायच्या. वांग्याचे देठ चोखलेले असले तर आज मजेत आहे. भात तसाच असला तर अंगात कणकण असणार, उद्या मऊ खिचडी. एकदा भाकरीच्या कडा परत आल्या. तीन दिवस ओळीनं आल्या तेव्हा त्यांना कळलं, अण्णाचे दात गेले. चौथ्या दिवसापासून डब्यात भाकरी ताकात कुस्करून जायला लागली. त्या दिवशी डबा चाटूनपुसून परत आला, आणि फडक्याची घडी अगदी कोऱ्या थानासारखी होती.

पण समोर बसून जेवणाऱ्या भावाला 'आणखी घे की रे' म्हणायचं असतं, त्याचं काय? ते डब्यात घालता येत नाही. मथुराबाई दिवसाला शंभर माणसांना आग्रह करायच्या आणि एका माणसापाशी येऊन गप्प बसायच्या. आणि आमच्या हुबळीत रस्त्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न जेवण झालं काय, ऊटा आतेन्री. खाणावळवालीला मात्र तो कुणी विचारत नाही. तिचं झालेलंच असणार असं सगळे धरून चालतात.

भाऊबीजेला मात्र डबा जायचा नाही. त्या दिवशी खाणावळ बंद आणि मास्तर दिवाळीला गावी. मथुराबाई पाट मांडून बसायच्या, अण्णा तिकडं काय खात असेल या विचारानं जीव तुटायचा, आणि संध्याकाळी चंद्र.

शहाऐंशी साली मास्तर रिटायर झाले होते, गुडघे धरले होते. त्या दिवाळीला ते गावी गेले नाहीत. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी जेवून हात धुतले तरी दारात घुटमळत उभे राहिले.

"बाई, उद्या तुमची खाणावळ बंद असते, नव्हं?"

"बंदच."

"मग आमच्या मित्राचं..."

मथुराबाईंनी मास्तरांकडं सरळ बघितलं. "उद्या जेवण मिळायचं नाही, मास्तर. टिफिन मिळेल. बाराला या."

 मास्तरांच्या लक्षात आलं की बाईंना ठाऊक आहे, आणि बाईंच्या लक्षात आलं की मास्तरांच्या लक्षात आलंय.

दुसऱ्या दिवशी मथुराबाईंनी गव्हल्यांची खीर केली. दात नाहीत म्हणून पुरणपोळी तुपात बुडवून मऊ केली. मऊ भात, कटाची आमटी, बिनाआल्याचं ताक. चारी पुडं भरली. मग दरवर्षीसारखा पाट मांडला, रांगोळी काढली आणि पाटावर तो डबा ठेवला. अण्णा पाटावर बसणार नव्हते. डब्यानं काही शपथ घेतली नव्हती.

लक्कव्वा दारात पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मथुराबाईंनी डब्याच्या झाकणाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. विधवेनं ओवाळावं की नाही असलं विचारणारं तिथं कुणी नव्हतं. ओवाळताना त्यांनी हळूच म्हटलं, "अण्णा, पोटभर जेव रे. लाजू नको."

कुंकू न पुसता त्यांनी डबा मास्तरांच्या हातात दिला. मास्तर वळले तेव्हा मात्र त्यांना भीती वाटली. झाकणावरचं कुंकू बघितल्यावर अण्णाला काय कळायचं राहील? डबा तसाच परत आला तर? उद्यापासून येणंच बंद झालं तर? तीन वर्षं जपलेलं एका चिमूटभर कुंकवानं घालवून बसले काय मी? त्या भिंतीला टेकून बसल्या. अन्नाचा कण तोंडात घातला नाही. लक्कव्वानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी हातानंच नको म्हटलं.

दिवस कलायला लागला तेव्हा मास्तर आले. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. डबा दोन्ही हातांनी धरलेला. रिकामा डबा माणूस असा धरत नाही. मथुराबाई उठून उभ्या राहिल्या.

"तसाच पाठवला?"

"उघडा तर."

फडक्याची घडी वर होती, काठ बाहेर. मथुराबाईंनी कडी काढली. पहिल्या पुडात खण होते. चोळीचे खण, गुळेदगुड्डचे, घडी घालून दाबून बसवलेले. दुसऱ्यात खण, तिसऱ्यात खण, चौथ्यातही. जांभळे, डाळिंबी, मोरपिशी, हिरवे. वरचा कोरा करकरीत होता. खालच्यांच्या घड्या विरत आलेल्या, एकाची तर घडीवर रेघ पिवळी पडलेली.

मथुराबाईंनी एकेक काढून मांडीवर ठेवला. पंधरा भरले. बाहत्तर सालापासून आजपर्यंतच्या पंधरा भाऊबीजा.

"दर दिवाळीला एक फाडून कपाटात ठेवायचे," मास्तर म्हणाले. "मलासुद्धा आजच दाखवलं. डबा समोर ठेवला, तर बराच वेळ त्या कुंकवाकडंच बघत बसले. मग जेवले. सगळं जेवले, बाई. खिरीचं पूड बोटानं पुसून खाल्लं. मी निघालो तर जिन्यापर्यंत आले, आणि तुम्हाला एक विचारून ये म्हणाले."

"काय?"

"मथी जेवली का, म्हणाले."

पंधरा वर्षांत त्यांना कुणी मथी म्हटलं नव्हतं. जेवली का, हेही कुणी विचारलं नव्हतं. मथुराबाई तिथंच, खणांचा तो ढीग पोटाशी धरून, हुंदके देऊन रडल्या. लक्कव्वा रडली. मास्तर चष्मा पुसत दुसरीकडं बघत राहिले.

मग मथुराबाईंनी डोळे पुसले. "सांगा त्याला, भाऊ जेवल्यावर बहिणीनं जेवायचं असतं. आता बसते म्हणावं." आणि आत वळून हाक मारली, "लक्कव्वा, माझं पान वाढ गं."

लक्कव्वानं पाटासमोरच पान मांडलं. भात गार झाला होता, खिरीवर साय धरली होती. परसात मावळतीला कोर दिसली आणि थोड्या वेळानं बुडाली. त्या वर्षी मथुराबाई तिला ओवाळायला गेल्या नाहीत. त्या जेवत होत्या.